अपेंडिक्स काढलं म्हणून आतड्याचा आजार होतो का?

अंमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ती १५ वर्षांची होती. आता त्यांच्या दिरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला आहे. शौचातून रक्त, दिवसात आठ-दहा वेळा जावं लागणं, सगळं झालं आणि आता गोळ्यांवर बरं आहे. अशात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘अपेंडिक्स काढलेल्यांना पुढे आतड्याला सूज येण्याचा आजार होतो.’ दुसऱ्याच दिवशी त्याच ग्रुपवर आलं, ‘अपेंडिक्स काढल्याने कोलायटिस बरा होतो.’ ताईंचे प्रश्न दोन: मुलीला धोका आहे का? आणि दीर म्हणतात, मीही काढून घेतो, तर काढावं का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, म्हणजे रात्री झोप लागेल. तुमच्या मुलीचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं होतं म्हणून काढलं असेल, तर त्या ऑपरेशनमुळे तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याचा धोका वाढलेला नाही. उपलब्ध अभ्यास उलटंच सांगतात, तो थोडा कमीच असावा. दिरांनी मात्र आत्ता, ग्रुपवरचं वाचून, अपेंडिक्स काढून घेऊ नये. दोन्ही मेसेजमध्ये खऱ्याचा एकेक तुकडा आहे आणि दोन्हींनी तो अर्धवट तोडून आणलेला आहे. मी गेली जवळपास तीस वर्षं जळगाव-धुळे भागात पोटाची ऑपरेशनं करतो, म्हणून हे जरा मुळापासून सांगतो.

सगळा घोळ सुरू होतो तो दोन आजार एकाच नावाखाली घातल्यामुळे. आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहण्याचे मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा फक्त मोठ्या आतड्याचा. तो गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर चढतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. म्हणून त्यात रक्त आणि आव पडते. दुसरा क्रोन्सचा आजार. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्येच जागा सोडून होतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे अपेंडिक्सचा सख्खा शेजार. हा शेजार लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. अपेंडिक्स काढण्याचा संबंध या दोन आजारांशी अगदी वेगवेगळा आहे. एकाबद्दलचं वाक्य दुसऱ्याला लावलं की तुमच्या ग्रुपवर झालं तसं होतं.

आता कोलायटिसकडे येऊ. १९८० च्या दशकात काही संशोधक या रुग्णांच्या लहानपणाची माहिती गोळा करत होते. काय खायचे, कोणते आजार झाले, कोणती ऑपरेशनं झाली. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली: कोलायटिसच्या रुग्णांत अपेंडिक्स काढलेली माणसं फार थोडी. १९९४ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी आपल्या १७४ कोलायटिस रुग्णांत मोजलं, तर अपेंडिक्स काढलेला एकच निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या १६१ इतर माणसांत असे ४१ होते. चौथा हिस्सा एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे, हा फरक योगायोगात बसत नाही.

पण अशा अभ्यासात चुकायला जागा असते. म्हणून स्वीडनमध्ये मोठं काम झालं. तिथे प्रत्येक नागरिकाच्या ऑपरेशनची आणि आजाराची सरकारी नोंद असते. आपल्याकडे फाइल लोखंडी कपाटावरच्या पिशवीत सापडली तरी आपण नशीबवान समजतो, त्यामुळे या नोंदींचं मोल मला फार वाटतं. १९६४ ते १९९३ या काळात पन्नाशीच्या आत अपेंडिक्स काढलेली २,१२,९६३ माणसं त्यांनी घेतली, तेवढीच जोडीची न काढलेली घेतली आणि पुढे कोणाला कोलायटिस झाला ते पाहिलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. अपेंडिक्स फुटलं होतं त्यांच्यात कोलायटिसचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी. न फुटता सुजलेलं काढलं त्यांच्यात साधारण पाव हिश्श्याने कमी. अपेंडिक्स चांगलं पण पोटातल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या होत्या, त्यांच्यातही कमी. आणि नुसतं पोट दुखत होतं, कारण सापडलं नाही, तरी अपेंडिक्स काढलं, त्यांच्यात काहीही फरक नाही.

ताई, हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थांबतो. अपेंडिक्स काढण्यानेच संरक्षण मिळत असतं, तर चांगलं अपेंडिक्स काढलेल्यांनाही ते मिळायला हवं होतं. ऑपरेशन तेच, चिराही तोच आणि अपेंडिक्सही तसंच गेलं. फरक एवढाच की आत सूज नव्हती. आणि फायदा तिथेच नाहीसा झाला. दुसरी गोष्ट वयाची. हा फायदा विशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांतच दिसला, नंतर झालेल्यांत नाही.

२००९ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क दोन्हीकडच्या अपेंडिक्स काढलेल्या सात लाखांहून जास्त लोकांवर हेच तपासलं गेलं. तेव्हाही तसंच निघालं. विशीच्या आत अपेंडिक्सला सूज येऊन गेलेल्यांत कोलायटिस जवळपास निम्म्यावर, आणि सूज नसताना काढलेल्यांत इतर लोकांइतकाच. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत हा आजार असलेल्यांतही लहान वयातली सूज पुढच्या धोक्याला कमी करताना दिसली. तुमच्या मुलीचे काका आजारी आहेत, म्हणजे नातं त्याहून एक पायरी दूरचं. काका आजारी म्हणून पुतणीला होणारच, असं या आजारात नसतं.

मग हे होतं तरी कसं? अपेंडिक्स म्हणजे काही कामाचं नाही, शेपूट राहून गेलं, असं आम्हाला शाळेत शिकवलं. ते आता कोणी मानत नाही. आठ-दहा सेंटिमीटरची ही नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की भिंतीत लसिका ऊतींचे गोलच्या गोल पुंजके दिसतात, घशातल्या टॉन्सिलसारखे. दहा ते वीस या वयात ते सगळ्यात जास्त फुललेले असतात, म्हणून त्याच वयात अपेंडिक्सला सूजही जास्त येते. आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंपैकी कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणावर चाल करायची, हे शरीराच्या संरक्षक पेशी शिकतात त्या जागांपैकी ही एक. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ मध्ये आणखी एक कल्पना मांडली: जोराचे जुलाब होऊन आतडं धुऊन निघालं की अपेंडिक्समध्ये लपून राहिलेले चांगले जिवाणू पुन्हा बाहेर येऊन वस्ती करतात. आपल्याकडे शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं वेगळ्या कणगीत जपून ठेवायचा, तसं. ही अजून कल्पनाच आहे, पण विचार करण्यासारखी आहे.

कोलायटिस म्हणजे या शिकवणीत झालेली चूक. शरीर आपल्याच आतड्यातल्या जिवाणूंवर चवताळतं आणि मार बसतो अस्तराला. १९९६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. ज्यांना पुढे हमखास आतड्याला सूज येते अशा जातीच्या उंदरांचं अपेंडिक्स महिनाभराच्या वयातच काढून टाकलं. न काढलेल्यांत सुमारे ८० टक्क्यांना आजार झाला, काढलेल्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उंदरांत अपेंडिक्स काढण्यानेच फायदा झाला. माणसांच्या नोंदी मात्र सांगतात, फायदा सुजेचा. इथे दोन गोष्टी जुळत नाहीत आणि मी त्या ओढूनताणून जुळवणार नाही. माझं स्वतःचं मत नोंदींच्या बाजूचं आहे. ज्या मुलांच्या शरीराची घडण अशी असते की अपेंडिक्सला जोरात सूज येते, त्याच घडणीला कोलायटिस सहसा जमत नाही. किंवा लहान वयातली ती एक जोरदार लढाई संरक्षक पेशींना असं काही शिकवून जाते की पुढे त्या घरच्यांवर उठत नाहीत. यांपैकी काहीही खरं असलं, तरी चांगलं अपेंडिक्स कापून हा फायदा विकत घेता येत नाही.

अशीच एक गोष्ट बिडी-सिगारेटची आहे. धूम्रपान करणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे. ते ऐकून कोणी पोराच्या हातात बिडी देणार नाही. तीच बिडी क्रोन्सला भडकवते, हृदय आणि फुप्फुसं खाते ती वेगळीच. दोन गोष्टी बरोबरीने दिसतात यावरून उपचार ठरत नाही.

आणि आकड्यांचा आकार बघा. आपल्या देशात घरोघर जाऊन केलेला या आजाराचा जो मोठा अभ्यास आहे तो पंजाबातला, २००३ मध्ये छापलेला. त्यात एक लाख लोकांमागे ४४ च्या आसपास रुग्ण होते आणि वर्षाला लाखामागे साधारण सहा नवे. धोका निम्मा झाला तर सहाचे तीन. वर्षाला तीन माणसांसाठी लाखभर चांगली अपेंडिक्स काढायची? भूल, टाके, जखमेतला पू, पुढे आतड्याला चिकटलेले पडदे आणि त्यातून अडलेलं पोट, हे सगळं त्या लाखातल्या कितीतरी जणांच्या वाट्याला येईल. हे त्रास मी टेबलावर पाहिलेत.

आता पहिल्या मेसेजकडे. ‘अपेंडिक्स काढलं की आतड्याचा आजार होतो’, हे आलं कुठून? आलं ते क्रोन्सवरून. स्वीडन-डेन्मार्कमधल्या त्याच नोंदींत अपेंडिक्स काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत क्रोन्सचं निदान होण्याचं प्रमाण कित्येक पट जास्त दिसतं. मग ते उतरत जातं आणि पाच-दहा वर्षांत जवळपास ओसरतं. अपेंडिक्स काढल्यामुळे आजार होत असता तर तो हळूहळू वर्षांनी वाढत गेला असता. पहिल्या सहा महिन्यांत उसळून नंतर विरला नसता. याचा अर्थ मला एका रुग्णाने शिकवला, आणि तो शिकवताना त्याची मोठी किंमत त्यानेच मोजली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलतो. पारोळा तालुक्यातला कापूस लावणारा पोरगा, वय २२. दोन दिवसांपासून उजवीकडे खाली दुखतंय, ताप, उलटी. हात लावला की दचकायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. सोनोग्राफीवाल्यांनी ‘अपेंडिक्स असावं’ लिहिलं. रात्री अकराला पोट उघडलं. अपेंडिक्स हाताला आलं ते जेमतेम लाल. त्याच्या शेजारी लहान आतड्याचं शेवटचं वीतभर मात्र सायकलच्या ट्यूबसारखं घट्ट, जाड. नेहमीची ती गुलाबी, बोटाखाली सरकणारी नळी नव्हती. आणि बाजूची पिवळी चरबी आतड्याच्या अंगावर बोटं पसरल्यासारखी वर चढलेली. हे चित्र पुस्तकात होतं. मी वाचलेलंही होतं. पण रात्र होती, पोरगा आजारी होता, बाहेर दहा माणसं बसली होती. मी अपेंडिक्स काढलं, ट्रेमध्ये घेऊन नातेवाइकांना दाखवलं, ‘हे बघा, सुजलं होतं, काढलं’ म्हणालो. तपासायला पाठवलं नाही. तेव्हा आमच्याकडे ते क्वचितच पाठवत, पाठवायचं तर वेगळे पैसे लागत, आणि माणसं म्हणत, काढलं ना, आता काय तपासायचं?

आठ महिन्यांनी तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. अकरा किलो वजन गेलेलं. भगंदर झालेलं, दोनदा फुटून वाहिलेलं. मधल्या काळात कुठेतरी टीबीची औषधं सहा महिने घेऊन झालेली, तपासायला आतड्याचा तुकडा न काढता, नुसत्या अंदाजावर. मग मोठ्या शहरात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, बायोप्सी झाली आणि क्रोन्स निघाला. त्याची आई माझ्यासमोर एकच वाक्य म्हणाली, ‘अपेंडिक काढं आनि दुखनं लागनं.’ तिच्या जागी तिचं बरोबर होतं. तिने पाहिलं ते एवढंच, की आधी ऑपरेशन झालं, नंतर आजार आला. प्रत्यक्षात आजार त्या रात्रीही तिथेच होता. माझ्या बोटांखाली होता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आणि मी धूर पाहून याच्या घराचं दार फोडलं.

त्या मोठ्या अभ्यासांतला सुरुवातीचा जो उंचवटा आहे, त्यात बहुतेक अशीच माणसं आहेत. अपेंडिक्ससारखं दुखणारा, पण आधीपासूनच सुरू झालेला क्रोन्स. म्हणूनच वर्षं गेली की फरक मिटतो. एक खरं सांगायला हवं. स्वीडनच्या एका अभ्यासात अपेंडिक्स फुटलेल्यांत पुढेही क्रोन्स जास्त दिसला आणि वयाच्या दहा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत तो कमी दिसला. त्यामुळे क्रोन्सच्या बाबतीत शेवटचा शब्द बोलला गेलेला नाही. पण तुमच्या घरात भीती पसरवावी असं त्यात काही नाही.

त्या पोरानंतर माझ्याकडून निघालेलं एकही अपेंडिक्स तपासणीशिवाय राहिलेलं नाही. फॉर्मॅलिन भरलेली प्लॅस्टिकची बाटली, वर नाव, वय, तारीख, आणि नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी. गावाकडची माणसं ती बाटली पिशवीत उभी धरून पॅथॉलॉजीकडे नेतात, सांडू नये म्हणून रिक्षात मांडीवर ठेवतात. त्या बाटलीतून चार-पाच दिवसांनी जो कागद येतो, तो टाक्यांपेक्षा महत्त्वाचा. कधी त्यात ‘अ‍ॅक्यूट सपुरेटिव्ह अपेंडिसायटिस’ येतं, म्हणजे पू झालेलं अपेंडिक्स, विषय संपला. कधी जंत निघतात. कधी ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द येतो, म्हणजे सुजेच्या पेशींची बारीक गाठ, आणि तो आला की क्रोन्स की टीबी, हे शोधायला लागायचं. आपल्या भागात टीबी इतका आहे, आणि आतड्याचा टीबी नेमका त्याच कोपऱ्यात बसतो, की हा फरक अनुभवी माणसालाही जड जातो. तुकडा न काढता अंदाजाने टीबीची औषधं सुरू करणं मला म्हणूनच मान्य नाही. क्रोन्स असेल तर सहा महिने वाया जातात. आणि टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो.

म्हणून ताई, मुलीबद्दल तुम्ही एकच काम करा. तिची फाइल काढा आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या अपेंडिक्सच्या तपासणीचा रिपोर्ट शोधा. त्यात सुजेचं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मनातून हा विषय काढून टाका. रिपोर्टच नसेल, किंवा ‘नॉर्मल अपेंडिक्स’ लिहिलं असेल, तरी ऑपरेशनला दोन वर्षं झाली आहेत, ती नीट जेवते, वाढते आणि कॉलेजला जाते, तर घाबरण्यासारखं काही नाही. तेव्हा फक्त काही खुणांवर नजर ठेवा. जुलाब चार आठवड्यांहून जास्त टिकले, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, शौचात रक्त किंवा आव दिसली, वजन उतरत गेलं, पाळी लांबली, तोंडात फोड वारंवार येऊ लागले, गुदद्वाराजवळ फोड येऊन वाहू लागला, उजवीकडे पुन्हा तसंच दुखू लागलं, तर थांबायचं नाही. तेव्हा शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी करतात. आतड्यात खरी सूज आहे की नुसती पोटाची कुरकुर, हे तिच्यावरून बरंचसं कळतं आणि विनाकारण दुर्बीण घालणं टळतं. त्रास काहीच नसताना मात्र ही तपासणी करत बसू नका.

इथे एक तक्रार मांडतोच, कारण ती मला रोज छळते. आपल्याकडे शौचातून रक्त म्हटलं की मूळव्याध, आणि आव म्हटली की अमीबा, एवढ्यावरच वर्षं जातात. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांनी दोन-दोन वर्षं मेट्रोनिडाझोलचे कोर्स घेतले, गावात कुणाकडून मूळव्याधीवर ‘क्षारसूत्र’ म्हणून काहीबाही लावून घेतलं, आणि शेवटी हिमोग्लोबिन सहावर आलं तेव्हा दुर्बिणीची तपासणी झाली. तुमच्या दिरांचं निदान वेळेत झालं, हे फार चांगलं झालं.

आता दिरांचा प्रश्न. ते वेडं काही विचारत नाहीत. या विषयावर खरंच काम चाललं आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी फक्त गुदाशयापुरता कोलायटिस असलेल्या ३० रुग्णांचं अपेंडिक्स काढून पाहिलं. २७ जणांना बरं वाटलं, १२ जणांची लक्षणं पूर्ण गेली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर कोणी घाईने उडी मारली नाही, हे योग्यच झालं. मग नेदरलँड्स, आयर्लंड आणि ब्रिटन मिळून एक नीट चाचणी झाली. आजार शांत असलेले जवळपास २०० कोलायटिस रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून निम्म्यांचं अपेंडिक्स काढलं आणि औषधं चालू ठेवली, निम्म्यांना फक्त औषधं दिली. वर्षभरात आजार पुन्हा उसळला तो औषधंवाल्यांपैकी ५६ टक्क्यांत आणि अपेंडिक्स काढलेल्यांपैकी ३६ टक्क्यांत. २०२५ मध्ये हे निकाल आले. फरक खरा आहे आणि छोटा नाही.

इथे तुम्ही विचाराल, मघाशी म्हणालात की काढण्याचा फायदा नाही, सुजेचा आहे, मग हे काय? प्रश्न रास्त आहे. आजार होऊ नये म्हणून चांगलं अपेंडिक्स काढणं ही एक गोष्ट. आजार झालेल्या माणसाचं अपेंडिक्स काढणं ही दुसरी. कोलायटिसच्या कितीतरी रुग्णांत कोलोनोस्कोपी केली की गुदाशयाकडे सूज असते, मध्ये आतडं चांगलं असतं आणि अपेंडिक्सच्या तोंडाशी मात्र पुन्हा एक लाल चकती दिसते. म्हणजे त्यांचं अपेंडिक्स चांगलं राहिलेलं नसतं, ते या भांडणात सामील असतं. ते काढल्याने काहींची उसळी कमी होत असेल तर नवल नाही.

तरीही मी दिरांना आज ऑपरेशन सुचवणार नाही. ती चाचणी एक वर्षाची. पाच-दहा वर्षांनी काय, ते अजून पाहायचं आहे. स्वीडनच्या नोंदींत कोलायटिस झाल्यानंतर अपेंडिक्स काढलेल्यांना पुढे मोठं आतडंच काढायची वेळ कमी आली नाही, उलट जास्त आली. तिथे चाचणीसारखी निवडून घेतलेली माणसं नव्हती, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत, पण मला सावध करायला ते पुरेसे आहेत. शिवाय चाचणीतल्या दोन्ही गटांची औषधं चालू होती. ग्रुपवरच्या मेसेजात ‘अपेंडिक्स काढल्याने कोलायटिस बरा होतो’ असं वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर आजार उसळणारच. दिरांना वारंवार उसळी येत असेल, औषधं नीट घेऊनही, तर त्यांनी आपल्या पोटविकारतज्ज्ञांशी हा पर्याय जरूर बोलावा. त्यांनी सुचवलं तर मी अडवणार नाही. तो निर्णय त्यांची कोलोनोस्कोपी, आजार किती वरपर्यंत गेला आहे आणि औषधांना किती दाद देतो, हे पाहूनच व्हायला हवा. आणि त्यांना क्रोन्स असता तर ही चर्चाच लागू नव्हती.

आज त्यांच्या हातात आहे ते असं. मेसालामाइनच्या, म्हणजे आतड्याची सूज दाबून ठेवणाऱ्या गोळ्या बरं वाटल्यावरही सोडायच्या नाहीत. माझ्या पाहण्यात उसळीचं सगळ्यात मोठं कारण हेच, दोन महिने रक्त दिसलं नाही की माणूस म्हणतो, आता कशाला? गुडघा दुखला, डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घ्यायची नाही, ती आतड्याला चिघळवू शकते. दुखलंच तर पॅरासिटामॉल. शेवभाजी, ठेचा, भरीत यांनी कोलायटिस होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरातली बाई उगाच स्वतःला दोष देत बसते. आजार शांत असताना त्यांनी घरचं सगळं खावं. उसळी आली की मात्र तिखट, तेलकट आणि वांग्याच्या बिया-साली काही दिवस बाजूला ठेवाव्यात. आणि एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे ४५ पर्यंत पारा जातो तेव्हा, जुलाब लागले तर ओआरएसचं पाणी सुरुवातीलाच सुरू करावं. उन्हात शेतात गेलेला कोलायटिसचा माणूस संध्याकाळपर्यंत किडनीचा रुग्ण होऊन येताना मी पाहिला आहे.

शेवटची एक शंका तुम्ही विचारली नाही, पण हे वाचून कोणाच्या तरी मनात येईल. लहान मुलाला अपेंडिक्सची सूज फायद्याची, तर मग ऑपरेशन न करता औषधांवर काढावं का? औषधांनी न फुटलेलं अपेंडिक्स शांत होऊ शकतं, हे फिनलंडच्या चाचणीत २०१५ मध्ये दिसलं. ती चाचणी मोठ्या माणसांवरची होती, आणि त्यांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याला वर्षभरातच ऑपरेशन लागलं, पाच वर्षांत दहापैकी चौघांना. हा निर्णय त्या वेळच्या पोटावर, सोनोग्राफीवर आणि मोठं हॉस्पिटल किती लांब आहे यावर घ्यायचा. धडगावकडच्या पाड्यातून रात्री गाडी मिळत नसेल तर माझं उत्तर जळगावातल्या मुलाच्या उत्तरापेक्षा वेगळं असेल. पुढे कोलायटिस होईल की नाही, हा हिशेब त्यात आणू नका.

मुलीचा रिपोर्ट सापडला की त्यातल्या ‘इम्प्रेशन’ खालच्या दोन ओळी मला जशाच्या तशा लिहून पाठवा. फोटो पाठवाल तर खिडकीपाशी उजेडात काढा, कागद पिवळा पडलेला असतो आणि अक्षर पुसट. आणि दिरांची शेवटची कोलोनोस्कोपी कधी झाली, ती तारीख त्यांना विचारून ठेवा.